कोंब फुटलेला रिमोट

शनिवारी शाळेचा शेवटचा तास मोकळा असायचा, आणि तो मोकळा आहे हे सगळ्या गल्लीला ऐकू यायचं. विज्ञान शिकवणाऱ्या बाई बदलून गेल्या, त्यांच्या जागी नव्या येणार येणार म्हणता कुणीच आलं नाही, आणि वर्गभर मुलं तो तास बाकं बडवून काढू लागली. शेजारीपाजारी खिडक्या लावून घेत. समोरच्या इमारतीतले फ्यूजकाका मात्र खुर्ची गॅलरीत ओढून नेत आणि मैफलीला बसावं तसे कान देऊन बसत. या मुलांना कुणीतरी काहीतरी शिकवायला हवं, असं त्यांना फार वाटे. हा 'कुणीतरी' कोण, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

काका विमा कचेरीतून निवृत्त झालेले. इमारतीतला फ्यूज गेला की बसवायला तेच धावत, म्हणून हे नाव. फ्यूज जाण्यालाही पुष्कळदा तेच कारणीभूत असत, तेव्हा नाव दोन्ही बाजूंनी विचार करून ठेवलेलं होतं असं म्हणायला हरकत नाही.

एके दिवशी धुतलेला सदरा घालून काका शाळेत गेले आणि मोठ्या बाईंपुढे, म्हणजे मुख्याध्यापिकांपुढे, उभे राहिले.

"तास घ्यायला माझी काही ना नाही, काका," मोठ्या बाई म्हणाल्या. "उलट माझं डोकं तरी दुखायचं थांबेल. पण बाहेरच्या माणसाला वर्गात सोडायचं तर त्याच्या नावावर विज्ञानातलं काहीतरी मान्यताप्राप्त काम हवं. वरून विचारतात हो."

"उभी हयात विमा कचेरीत काढली मी."

"ते विज्ञान नाही ना."

"माणूस साधारण कधी मरेल याचा हिशेब असतो तो," काका दुखावून म्हणाले.

"तो मुलांना नको," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्यांनीच वाट सुचवली. पर्यावरण कचेरी 'पर्यावरणस्नेही घरगुती उपकरण' म्हणून एक प्रमाणपत्र देते. कुणीही काहीही बनवून न्यावं. ते एक आणा, की शनिवारचा तास तुमचा.

काका जिने उतरले तेच शिक्षक होऊन. प्रमाणपत्र ही फक्त मधली किरकोळ बाब उरली होती.

काय बनवायचं, हे मात्र घरातल्या खालच्या खणाने ठरवलं. प्रत्येक घरात असा एक खण असतो. त्यात मेलेले चार्जर, मुके रेडिओ आणि कुठल्या टीव्हीचे होते हे आता त्या टीव्हीलाही आठवणार नाही असे रिमोट असतात. फेकवत नाहीत, कारण कधीतरी लागतील. आणि फेकले तरी जाणार कुठे? रिमोट उघडून पाहिलात तर आत एक हिरवी पट्टी दिसते, तिच्यावर तांब्याच्या रेघा. ती पट्टी कुजत नाही, गंजत नाही, तुमच्या-माझ्या नातवंडांनंतरही ती तशीच राहणार. तिच्यावर नखाएवढी एक काळी चिप बसलेली असते, तो रिमोटचा मेंदू. आता नखाएवढ्या मेंदूला एवढं अमर शरीर कशासाठी, असा काकांचा प्रश्न होता. शरीर असं करावं की काम संपलं, गरम पाण्यात टाकलं, की विरघळून मोकळं. मेंदू चिमट्याने उचलावा आणि दुसऱ्या शरीरात बसवावा. ही कल्पना काकांची स्वतःची नव्हे. मोठमोठ्या प्रयोगशाळांत शहाणी माणसं हेच करताहेत, हे त्यांनी वाचलं होतं. पण त्या प्रयोगशाळांत काकू नसतात.

"माझं पातेलं कुठाय?" काकूंनी विचारलं.

"त्यात खळ शिजतेय."

"आणि हे गोणपाट धुऊन कोणी वाळत घातलंय?"

"ती सर्किटची पट्टी आहे."

काकूंनी पट्टीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि आपल्या थोरल्या भावाला फोन लावला. हे काकांचे मेहुणे. ते रोज संध्याकाळी चहाला येत आणि चहाइतकंच नेमाने मत देत.

"भाऊजी, बाजारात रिमोट ढिगाने मिळतात," मेहुणे म्हणाले.

"तोच तर प्रश्न आहे. ढीग."

"मग एकच घ्या की."

वरच्या मजल्यावरचे ऑडिटर आले, ते करपलेल्या पिठाच्या वासाने. तागाच्या कापडावर खळ आणि जिलेटिनचा थर, त्यावर काकांनी डाग द्यायला तापलेली सोल्डरिंगची कांडी टेकवली होती, आणि पट्टीचा पापड झाला होता. ऑडिटर म्हणाले, "कुठलंही काम हाती घेताना तोटा किती होऊ द्यायचा ते आधी ठरवावं." हे सांगून ते गेले. तोटा किती ठरवावा हे त्यांनी सांगितलं नाही. ऑडिटर ते कधीच सांगत नाहीत. शेवटी सोल्डरिंग बाजूला राहिलं आणि काकूंनी बारीक तांब्याची तार सुईत ओवून पट्टी चक्क शिवून दिली. "एवढ्यासाठी अख्खा आठवडा घर धुरात घातलंत?" एवढंच त्या म्हणाल्या, पण त्यानंतर काकांनी त्यांच्यासमोर 'तंत्रज्ञान' हा शब्द जपून वापरला.

रिमोटचं कवच वर्तमानपत्राचा लगदा आणि लाकडाचा भुसा यांचं केलं. बटणांना रबर नको, म्हणून काकांनी वाळलेले वाटाणे घेतले. प्रत्येक वाटाण्याच्या पोटाला पेन्सिलीचं शिसं घासलं, कारण शिशातून वीज जाते. ही युक्ती त्यांची स्वतःची, आणि ती सुचली तेव्हा ते स्वयंपाकघरात जाऊन उगाचच पाणी पिऊन आले. बटणांच्या ओळी लागल्या, सेल घातले, पहिला वाटाणा दाबला आणि टीव्ही सुरू झाला.

"लागला की," मेहुणे म्हणाले. आवाजात दुःख होतं.

तो पहिला रिमोट उंदराने खाल्ला. सबंध नाही, फक्त आवाज वाढवायचं बटण. त्यामुळे टीव्हीचा आवाज कमी करता येई, पण पुन्हा वाढवता येत नसे. काकूंच्या मते निवृत्तीनंतर यजमानांच्या हातून घडलेलं हे पहिलं लोकोपयोगी काम होतं. ते तसंच राहू द्या, असं त्या म्हणाल्या. पण शास्त्रज्ञाला असं थांबता येत नाही. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी लगद्यात लवंगेचं तेल घालायला सांगितलं. दुसऱ्या रिमोटला उंदीर शिवला नाही. मात्र घरात कायम दात दुखल्यासारखा वास येऊ लागला.

तो दुसरा रिमोट घेऊन काका पर्यावरण कचेरीत गेले. तिथे दोन खिडक्या होत्या. पहिली टिकाऊपणाची, दुसरी विघटनाची.

"किती टिकेल?" पहिल्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"वापरात असेपर्यंत."

"आणि मग?"

"मग विरघळेल."

"मग टिकाऊ नाही. पलीकडे जा."

पलीकडे गेल्यावर दुसऱ्या खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "विरघळतो म्हणता, ठीक आहे. पण आमच्याकडे येण्याआधी टिकाऊपणाचा दाखला लागतो."

"त्या म्हणतात, विरघळतो म्हणून टिकाऊ नाही."

"बरोबरच आहे त्यांचं."

"मग आतापर्यंत हे प्रमाणपत्र कुणाला मिळालं?"

गृहस्थांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. मग ते पहिल्या खिडकीकडे वळून ओरडले, "अहो, आपण हे कधी दिलंय का?" दोन्ही खिडक्यांची डोकी एकत्र आली. डब्यातलं काहीतरी वाटून खाण्यात आलं, आणि अखेर तोडगा निघाला. काकांनी रिमोट महिनाभर घरी वापरायचा. कचेरीचे तपासनीस येऊन पाहतील. झीज नसेल तर तो टिकाऊ. मग तोच रिमोट साक्षीदारांसमोर गरम पाण्यात विरघळवायचा. तोच आहे हे कळावं म्हणून त्याच्या पाठीवर कचेरीची चकचकीत नंबराची चिकटपट्टी लावण्यात आली.

"ही पट्टी पाण्यात निघणार नाही ना?" काकांनी भाबडेपणाने विचारलं.

"काका," खिडकीतल्या बाई अभिमानाने म्हणाल्या, "जगबुडी आली तरी निघणार नाही."

आता इथे जे घडलं ते समजून घ्यायला आपल्यासारख्यांच्या घरांचा थोडा अभ्यास हवा. आपल्या घरात नवी वस्तू आली की ती वापरण्याच्या आधी झाकली जाते. सोफ्याला कव्हर असतं, कव्हर मळू नये म्हणून त्यावर चादर असते, आणि पाहुणे आले की चादर काढायची का कव्हरही काढायचं, यावर आतल्या खोलीत कुजबुज होते. काका कचेरीतून आले ते मोठ्या जोखमीची वस्तू हातात घेऊन. महिनाभर झीज होता कामा नये. त्यांनी काकूंना हाक मारली आणि म्हणाले, "अगं, एखादी चांगलीशी पिशवी दे. नवा आहे, जपायला हवा."

काकूंनी कपड्यांच्या दुकानातली जाड, पारदर्शक, कडक पिशवी काढून दिली. काकांनी रिमोट तिच्यात घातला, तोंड दुमडलं आणि दोन्ही टोकांना रबर लावले. वाटाणे वरून छान दाबता येत होते. मेहुण्यांनी पाहिलं, ऑडिटरांनी पाहिलं, औषधवाल्या बाईंनीही पाहिलं. सगळे म्हणाले, "हे बरं केलंत." सबंध इमारतीत त्यात काही चूक आहे असं वाटणारा एकही माणूस निघाला नाही. घर कसं टापटिपीचं. काकू रोज सकाळी ओल्या फडक्याने पिशवी पुसत आणि रिमोट जुन्या खोक्यासारख्या टीव्हीवर, ऊबदार जागी ठेवत.

आणि शाळेत ज्यांनी कधी ओल्या कापसावर बी ठेवून पाहिलं असेल त्यांच्या ध्यानात आलंच असेल. लगदा आतून पुरता वाळला नव्हता. फडक्याचं पाणी रबराच्या फटीतून आत जात होतं, टीव्हीची ऊब खालून मिळत होती, आणि वरून पिशवी वाफ बाहेर सोडत नव्हती. वाटाण्याला आणखी काय हवं?

पहिला कोंब पाच नंबरच्या बटणाला फुटला.

"अहो," काकू म्हणाल्या, "बातम्यांना शेपूट आलंय."

काका रात्रंदिवस त्या कोंबाकडे पाहत बसले. पिशवी काढावी तर हवा लागून रिमोट तडकेल अशी भीती; न काढावी तर कोंब वाढेल. मेहुण्यांनी तो खुडायला सांगितला. काकांना ते पटलं नाही. नमुन्यात हात घातला तर ती लबाडी. मुलांना काय शिकवायचं उद्या? तपासनिसांच्या भेटीचा दिवस उजाडला तेव्हा पाच, सात आणि आवाज बंद करायचं बटण अशी तिन्ही हिरवीगार होऊन पिशवीच्या छताला टेकली होती.

तपासनीस दमलेले आणि सभ्य होते. त्यांनी चहा नको म्हटलं, मग घेतला, आणि रिमोट हातात धरला.

"हे काय आहे?"

"रिमोट."

"त्याच्यावर काय आहे?"

"पिशवी," काका म्हणाले.

"कशाची?"

आणि तेव्हा, महिन्याभरात पहिल्यांदा, फ्यूजकाकांना ती पिशवी दिसली. त्यांचे कान लाल झाले. निसर्गात विरून जाणारा रिमोट त्यांनी निसर्ग लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये बांधून ठेवला होता. त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"चांगल्यातली आहे," काकूंनी तपासनिसांना धीर दिला. "धुऊन पुन्हा वापरतो आम्ही."

तपासनिसांनी पुढे काही विचारलं नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या खिशातला फोन तीन आवरणांत होता. त्यांनी रबर काढले, चष्मा पुसला आणि पाच नंबरचा वाटाणा दाबला. कोंब डुलला आणि टीव्हीवर बातम्या लागल्या.

"चालतो," ते म्हणाले. "पण नोंद कशी करू? माझ्याकडे रकाना झिजेचा आहे. किती झिजला ते लिहायचं. हा तर वाढलाय."

"मग झीज नाही असं लिहा," काका हळूच म्हणाले.

"तसं लिहिलं तर खोटं नाही. पण वाढीचं काय? नमुन्यात फेरफार झाला असं वरचे म्हणतील."

"साहेब, घरच्या पोरांची वाढ झाली की त्यांच्यात फेरफार झाला असं आपण म्हणतो का?"

तपासनिसांनी पेन उघडलं. त्यांना तीन मुलगे होते. "म्हणावंसं वाटतं," ते म्हणाले, पण त्यांनी झीज नाही असं लिहिलं. अशा रीतीने टिकाऊपणाचा दाखला मिळाला. उरली विरघळवण्याची चाचणी. ती सार्वजनिक जागी, पुष्कळ साक्षीदारांसमोर व्हायला हवी. काकांनी गॅलरीतून समोर बोट दाखवलं. शनिवार होता, आणि साक्षीदारांनी नुकतीच बाकं बडवायला सुरुवात केली होती.

मोठ्या बाईंनी एकच अट घातली: चाचणी तेवढी होईल, शिकवणं नाही. प्रमाणपत्र आलं की मग शिकवा.

"मी तोंडही उघडणार नाही," काका म्हणाले.

शिपायाने वाफाळत्या पाण्याचं घमेलं टेबलावर ठेवलं. वर्गभर मुलं बाकांवर उभी राहिली. काकांनी सेल काढले आणि रिमोट वर धरला. तोंड उघडायचं नव्हतं, पण पहिल्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "याला झाड का आलंय?" आता एवढं विचारल्यावर माणसाने काय करायचं?

"तुला काय वाटतं?" काकांनी विचारलं.

"पाणी गेलं असेल."

"गेलं. आणि?"

"ऊन?" मागून कुणीतरी म्हणालं.

"ऊन नाही, ऊब. टीव्हीची. हात लावून पाहा कधी, गरम असतो. बरं, वाटाण्याचं बटण केलं तर त्यातून वीज कशी जाईल?"

काकांनी सांगितलं नाही. त्यांनी एक पेन्सिल मागितली. पंचवीस पुढे आल्या. मग रिमोट पाण्यात गेला. कवच फुगलं, कडा मऊ झाल्या, लगदा ढगासारखा सुटला, काकूंनी शिवलेली तार मोकळी होऊन तरंगली. मुलं इतकी गप्प होती की समोरच्या इमारतीत लोक घाबरून खिडक्या उघडून पाहू लागले. काकांनी चिमट्याने चिप उचलली आणि पहिल्या बाकावरच्या मुलीच्या तळहातावर ठेवली.

"हा मेंदू. पुसून ठेव. याला आपण नवं शरीर देणार."

तपासनीस पुढे येऊन घमेल्यात वाकले. तळाशी तागाचे धागे, थोडा भुसा, आणि लखलखीत, नंबरासकट, कचेरीची चिकटपट्टी होती. तिच्यावर साधा ओरखडाही नव्हता.

"पूर्ण विरघळला," तपासनीस म्हणाले. "चाचणी उत्तम झाली." त्यांनी पिशवीतून कडक कागदावर छापलेलं प्रमाणपत्र काढलं, त्याच्या चिकट पाठीवरचा कागद सोलला, आणि ते तसंच हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी ते परत ठेवलं.

"काय झालं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"प्रमाणपत्र नमुन्यावर चिकटवायचं असतं. नियम आहे." त्यांनी घमेल्याकडे हात केला. "नमुना कुठे आहे?"

"तो विरघळला म्हणूनच ना तुम्ही ते देताय?"

"हो. आणि म्हणूनच देता येत नाही. मला फार वाईट वाटतं, काका. नमुना उपलब्ध नाही म्हणून मला अर्ज नामंजूर लिहावा लागेल."

त्यांनी हात पुसले, सेल खिशात टाकले आणि सदऱ्यावर उडालेला लगदा नखाने काढायला लागले. उंदीर झाला, खिडक्या झाल्या, पिशवी झाली, तरी त्यांचा चेहरा असा कधी पडला नव्हता. पहिल्या बाकावरच्या मुलीने मूठ घट्ट मिटली.

मोठ्या बाईंनी काकांकडे पाहिलं, मग गप्प बसलेल्या वर्गाकडे पाहिलं. असा वर्ग त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"साहेब," त्या तपासनिसांना म्हणाल्या, "नामंजूर झालेला अर्ज पुन्हा करता येतो?"

"येतो. नवा नमुना आणावा लागेल."

"आणि चाचणी पुन्हा साक्षीदारांसमोर?"

"अर्थात. झीज एकदा पाहिली, ती पुन्हा पाहायची गरज नाही. फक्त विरघळवायचं."

"किती वेळा करता येतो?"

"त्याला नियमात मर्यादा नाही," ते सावकाश म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा जरासा उतरला. "शनिवारी या वेळेला मी मोकळाच असतो."

"नवा नमुना इथेच, साक्षीदारांनी स्वतःच्या हातांनी बनवला तर?"

"साक्षीदारांना नमुना माहीत असलेला बराच. वाटाणे मात्र भाजून घ्या."

मोठ्या बाई काकांकडे वळल्या आणि शाळेचा आवाज काढून म्हणाल्या, "काका, तुम्हाला तास घ्यायची परवानगी नाही, हे लक्षात ठेवा. तुम्ही फक्त दर शनिवारी चाचणीला यायचं."

ते कळायला काकांना जरा वेळ लागला. मुलांना लागला नाही. घंटा झाली तरी कुणी दप्तर उचललं नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीने मूठ उघडून चिप आहे ना ते पाहिलं आणि विचारलं,

"काका, पुढच्या शनिवारी आपण काय नापास करायचं?"